प्रवाशांना हेलिकॉप्टरमध्ये बसवण्याआधी : ९० दिवसांचा हिशेब कसा लावायचा

आई-बाबा नाशिकहून पहिल्यांदा कॅलिफोर्नियाला आले, तेव्हा त्यांना हेलिकॉप्टरमधून समुद्रकिनारा दाखवायचा हे मी त्यांची तिकिटं काढली त्या दिवशीच ठरवलं होतं. शनिवारी सकाळी विमानतळावर पोचलो. आर-४४ हेलिकॉप्टरची तपासणी झाली, इंधनाचा नमुना काढून पाहिला आणि मग लॉगबुक उघडलं. प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात, म्हणून मागची लँडिंग मोजली. दोन मुदतीत बसत होती, तिसरं ९१व्या दिवशी पडत होतं. फक्त एका दिवसाने हुकलं होतं.

दोघांना कुंपणाजवळच्या बाकावर बसवलं, "बाबा, अर्धा तास लागेल" म्हटलं आणि एकटा उडालो. कायद्याला एक सर्किट (टेकऑफ, एक फेरी आणि लँडिंग) पुरेसं होतं, मी तीन केली. पहिल्या सर्किटला होव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, पाय पेडलवर उशिरा हलत होते, नाक दोन्हीकडे डुलत होतं. तिसऱ्याला मशीन पुन्हा हातात आलं. आई-बाबा बसणार होते ते त्या तिसऱ्या सर्किटनंतरच्या मशीनमध्ये, पहिल्या सर्किटच्या नव्हे, याचं समाधान मला आजही वाटतं. पुढे मी प्रशिक्षक झालो आणि हा हिशेब चुकवणारे पायलट दर महिन्याला भेटू लागले. त्यांना एकेकट्याला सांगत आलो ते इथे सविस्तर लिहितो.

हे सगळं अमेरिकेतल्या नियमांबद्दल आहे, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, एफएएच्या, नियमावलीतल्या भाग ६१बद्दल. तिथे खासगी पायलट असलेल्या, शिकायला गेलेल्या, किंवा भारतीय परवान्याच्या आधारावर कलम ६१.७५खाली अमेरिकी प्रमाणपत्र घेतलेल्या मराठी माणसांना ते लागू पडतं. भारतात उडताना इथल्या नियामक संस्थेचे, डीजीसीएचे, नियम पाळायचे. युरोपबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

नियम काय मागतो

कलम ६१.५७ थोडक्यात असं आहे : प्रवासी घेऊन पायलट-इन-कमांड (उड्डाणाची अंतिम जबाबदारी असलेला पायलट) म्हणून उडायचं असेल तर मागच्या ९० दिवसांत तुम्ही किमान ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग केलेली हवीत. ती करताना नियंत्रणं फक्त तुमच्या हातात हवीत. आणि ती त्याच श्रेणीच्या, त्याच वर्गाच्या आणि टाइप रेटिंग (त्या विशिष्ट मॉडेलसाठीची वेगळी परवानगी) लागत असेल तर त्याच टाइपच्या मशीनवर हवीत.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत श्रेणी म्हणजे रोटरक्राफ्ट (फिरत्या पात्यांवर उडणारी यंत्रं) आणि वर्ग म्हणजे हेलिकॉप्टर. विमानांसारखा एक इंजिन, दोन इंजिन असा भेद या वर्गात नाही. सेसना विमानावर केलेली ५० लँडिंग हेलिकॉप्टरसाठी शून्य धरायची, कारण श्रेणीच वेगळी. पण बेल २०६ या हेलिकॉप्टरवर केलेली लँडिंग आर-६६ या दुसऱ्या हेलिकॉप्टरला चालतात, कारण दोन्हींना टाइप रेटिंग लागत नाही. ते साधारणपणे १२,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे ५,६७० किलोंपेक्षा जड मशीनला लागतं. आर-२२ आणि आर-४४ मात्र याला अपवाद आहेत, त्याकडे पुढे येतो.

नियम फक्त प्रवाशांसाठी आहे, हे बरेच जण विसरतात. ९० दिवस उलटले म्हणून तुमचा परवाना कुठे जात नाही. एकट्याने उडायला ही अट आड येत नाही आणि मुदत परत मिळवण्याचा रस्ता त्यातूनच जातो.

मोजणी मागून करा

"तीन महिने झाले नाहीत ना, मग ठीक," असं म्हणणाऱ्याला मी नेहमी कॅलेंडर काढायला लावतो. ९० दिवस आणि तीन महिने एक नव्हेत. समजा २६ नोव्हेंबर २०२६ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, पाहुण्यांना घेऊन उडायचं आहे. मागे मोजा : नोव्हेंबरचे २६ दिवस, ऑक्टोबरचे ३१, सप्टेंबरचे ३०, झाले ८७. उरलेले ३ ऑगस्टमध्ये जातात आणि तुम्ही २८ ऑगस्टवर येता. २६ किंवा २७ ऑगस्टचं लँडिंग 'तीन महिन्यांच्या आतलं' वाटतं, पण हिशेबात धरता येत नाही.

तिन्ही लँडिंग एकाच दिवशी झाली पाहिजेत असंही नाही. गोंधळ होतो तो इथेच. समजा २० ऑगस्टला दोन आणि १० सप्टेंबरला एक लँडिंग केलंत. ११ सप्टेंबरला तुम्ही करंट, म्हणजे मुदतीत, आहात. २६ नोव्हेंबरला त्यातलं एकच उरतं.

म्हणून मी सगळ्यांना एकच युक्ती शिकवतो. लॉगबुकच्या शेवटच्या पानावरून मागे या आणि मागून तिसरं लँडिंग शोधा. त्याच्या तारखेत ९० दिवस मिळवा. येणारी तारीख ही तुमची शेवटची तारीख. टेकऑफचंही तसंच करा आणि दोन्हींपैकी जी आधी येईल ती पेन्सिलीने लॉगबुकच्या मुखपानावर लिहा. नवं उड्डाण झालं की जुनी तारीख खोडून नवी लिहायची. फोनवरची लॉगबुकं हे आपोआप करतात, पण ती तुम्ही भरलेल्या आकड्यांवरच चालतात. तीन लँडिंगच्या जागी चुकून एक भरलं असेल तर फोनही चुकीचंच सांगणार.

कोणतं लँडिंग धरायचं

नियंत्रणं फक्त तुमच्या हातात, याचा अर्थ शब्दशः घ्या. शेवटच्या दोन फुटांत प्रशिक्षकाने सायक्लिक (मशीनचा कल आणि दिशा ठरवणारी दांडी) धरून मशीन सावरलं असेल तर ते लँडिंग तुमचं नाही. प्रशिक्षकांनाही हेच लागू होतं, आणि तेच हे जास्त विसरतात. दिवसभर विद्यार्थ्यांबरोबर बसून ४० लँडिंग झाली, पण तुम्ही नियंत्रणांना हात लावला नाही, तर तुमच्या नावावर एकही नाही. आठवड्यातून एकदा तरी मी एक सर्किट विद्यार्थ्याला पाहायला सांगून स्वतः उडवतो ते यासाठीच.

एकच लँडिंग दोघांच्या नावावर चढत नाही. दोन मित्र एकत्र उडाले तर ज्याने उडवलं त्याचं.

होव्हरमध्ये उचललं, दोन फूट सरकलं आणि ठेवलं, याला मी सर्किट म्हणत नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही मोजू देत नाही. टेकऑफ म्हणजे होव्हरमधून पुढे जाऊन ट्रान्झिशन (वेग घेणं) आणि चढाई. लँडिंग म्हणजे अप्रोच, होव्हर आणि स्किड (मशीनखालचे आडवे दांडे) जमिनीवर. प्रवासी घेऊन जे करायचं आहे तेच मोजावं.

घरच्या कॉम्प्युटरवरचं किंवा शाळेतलं छोटं सिम्युलेटर इथे चालत नाही. भाग १४२च्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातली, मान्य अभ्यासक्रमात वापरली जाणारी मोठी यंत्रणाच चालते. आर-४४ उडवणाऱ्या खासगी पायलटला त्याचा व्यवहारात उपयोग नाही.

आणि लॉगबुकात नोंद नसेल तर लँडिंग झालंच नाही असं समजा. सगळी उड्डाणं लिहिण्याची सक्ती नाही, पण करन्सी, म्हणजे आपण मुदतीत आहोत हे, दाखवण्यासाठी लागणारी उड्डाणं लिहिलीच पाहिजेत.

रॉबिन्सन उडवत असाल तर

हेलिकॉप्टर शिकणाऱ्यांपैकी खूप जण कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सच्या कारखान्यात बनलेल्या रॉबिन्सन कंपनीच्या हेलिकॉप्टरवरच (आर-२२, आर-४४) शिकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आर-२२ आणि आर-४४साठी १९९५पासून एक विशेष नियम आहे, एसएफएआर ७३. कारण या मशीनच्या रोटरमध्ये आहे. दोन पात्यांचा हा रोटर मास्टच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या उभ्या दांड्याच्या, टोकावर तराजूच्या दांडीसारखा डुलतो. सायक्लिक जोरात पुढे ढकललं की रोटरवरचा भार जातो, मशीन स्वतःहून उजवीकडे कलंडू लागतं आणि घाबरून डावं सायक्लिक दिलं तर रोटरचा मधला भाग (हब) मास्टवर आदळून मास्ट तुटू शकतो. आधी सायक्लिक हळुवार मागे घेऊन रोटरवर भार परत आणायचा असतो. दुसरा धोका रोटरचा वेग घसरण्याचा. आर-२२चा रोटर हलका असल्याने वेग फार झपाट्याने पडतो आणि प्रतिक्रियेला एखाद-दुसरा सेकंदच मिळतो. नवख्या पायलटांचे जीव या दोन गोष्टींत गेले, म्हणून हा नियम आला. २०२४मध्ये एफएएने तो सुधारला.

करन्सीच्या दृष्टीने त्यातलं वाक्य सरळ आहे : आर-२२मध्ये प्रवासी न्यायचे तर ९० दिवसांतली ३ टेकऑफ-लँडिंग आर-२२वरच हवीत. आर-४४चे प्रवासी, तर आर-४४वर. दोघांची एकमेकांत चालत नाहीत. बेलवर किंवा आर-६६वर केलेलीही चालत नाहीत, कारण आर-६६ या विशेष नियमात नाही. उलट, आर-४४वरची लँडिंग बेल २०६साठी चालतात. रस्ता एकेरी आहे. मागच्या महिन्यात बेलवर १५ तास उडालेला अनुभवी पायलटही शनिवारी आर-४४मध्ये भाच्याला बसवू शकत नाही, आणि हे ऐकून बऱ्याच जुन्या पायलटांना धक्का बसतो.

तासांचंही पाहा. आर-४४ची कमांड घ्यायला हेलिकॉप्टरवर २०० तास आणि त्यातले ५० आर-४४वर हवेत. आर-२२वरचे २५पर्यंत तास या ५०मध्ये धरता येतात. तेवढे नसतील तर किमान १० तासांचं प्रशिक्षण, त्यातले ५ आर-४४वर, आणि प्रशिक्षकाची लेखी नोंद लागते. या दुसऱ्या मार्गाने आलेल्याला नेहमीचा २४ महिन्यांचा फ्लाइट रिव्ह्यू (प्रशिक्षकाबरोबरची उजळणी-तपासणी) पुरत नाही. तास भरेपर्यंत त्याला दर १२ महिन्यांनी त्या मॉडेलवर तो करावा लागतो. म्हणजे लँडिंग मुदतीत असूनही तुम्ही कमांड घेऊ शकत नाही, असं होऊ शकतं.

रात्र कधी सुरू होते

अमेरिकी नियमांत रात्र तीन प्रकारची आहे आणि तिन्हींचं घड्याळ वेगळं. लॉस एंजेलिसमधली २६ नोव्हेंबरची संध्याकाळ घ्या. सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. त्या क्षणापासून पोझिशन लाइट लागलेच पाहिजेत. संधिप्रकाश पाच वाजून दहा मिनिटांच्या आसपास संपतो. तेव्हापासून लॉगबुकात रात्रीचे तास लिहिता येतात. प्रवाशांच्या करन्सीची रात्र मात्र सूर्यास्तानंतर एक तासाने, म्हणजे पावणेसहाला सुरू होते आणि सूर्योदयाच्या एक तास आधी संपते.

त्या वेळेत प्रवासी घेऊन उडायचं तर ९० दिवसांतली ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग त्याच वेळेत झालेली हवीत आणि प्रत्येक लँडिंग पूर्ण थांबून केलेलं हवं. मी याचा अर्थ असा घेतो : स्किड जमिनीवर, कलेक्टिव्ह (मशीन वर-खाली नेणारी दांडी) पूर्ण खाली, श्वास घ्यायचा, मग पुढचं टेकऑफ. साडेपाचला केलेलं लँडिंग लॉगबुकात रात्रीचं दिसतं, पण इथे उपयोगी नाही. साडेपाचला टेकऑफ आणि सहाला लँडिंग केलं तर लँडिंग धरलं जातं, टेकऑफ नाही. रात्रीची तीन केलीत तर ती दिवसासाठीही चालतात.

याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. तुम्ही फक्त दिवसाला करंट आहात आणि पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायला निघालात. पावणेसहाच्या आत उतरलात तर सगळं नियमात. पण वारा समोरून लागला, टॉवरने दोन गिरट्या घालायला लावल्या आणि पाच वाजून पन्नास मिनिटांनी उतरलात, तर नियम मोडला. असं उड्डाण ठरवताना मी मर्यादेच्या अर्धा तास आधी जमिनीवर असण्याची वेळ धरतो. पाहुण्यांना सूर्य क्षितिजाला टेकताना दिसतो, तेवढं पुरतं.

मुदत संपली असेल तर

सरळ मार्ग म्हणजे एकट्याने जाऊन तीन सर्किटं. दिवसा तसं करायला कायद्याची हरकत नाही, रात्रीही नाही. पण चार महिने हेलिकॉप्टरला हात न लावलेल्याने अंधारात एकट्याने सुरुवात करू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

दुसरा मार्ग प्रशिक्षकाबरोबर जाण्याचा. प्रशिक्षण चालू असताना प्रशिक्षक आणि शिकणारा एकमेकांचे प्रवासी धरले जात नाहीत, असा खुलासा एफएएच्या कायदा विभागाने केलेला आहे. मागच्या सीटवर बायको-मुलं बसली असतील तर मात्र ती प्रवासीच.

पायलट मित्र सोबत आला तर? तुम्ही कमांडमध्ये असाल तर तो प्रवासी, त्याच्याकडे परवाना असला तरी. पण तो स्वतः करंट असेल, एसएफएआर ७३च्या अटीत बसत असेल आणि उड्डाणाआधी कमांड घ्यायला स्पष्ट तयार असेल, तर तो कमांडमध्ये आणि नियंत्रणं तुमच्या हातात, असं करून तुमची लँडिंग भरता येतात. हे इंजिन सुरू करण्याआधी तोंडाने बोलून ठरवा. हवेत गेल्यावर "कमांडमध्ये कोण?" हा प्रश्न पडता कामा नये.

तीन सर्किटं कशी उडवावीत

कायदा संख्या सांगतो. त्या तिन्हींत काय करायचं हे तुमच्यावर आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची वीस मिनिटं.

पहिल्या सर्किटआधी पाच मिनिटं नुसतं होव्हर करा. सगळ्यात आधी तेच गंजतं. वाऱ्यात नाक धरून ठेवा, मग ९० अंशांचे पेडल टर्न, डावीकडे आणि उजवीकडे. मशीन ठेवताना सरकत असेल तर ठेवू नका, कारण आडवं सरकताना स्किड अडकला की मशीन त्याच स्किडवरून उलटू शकतं. पुन्हा स्थिर करा आणि मग ठेवा.

दुसऱ्या सर्किटला अप्रोचकडे लक्ष द्या. रॉबिन्सनच्या सुरक्षा सूचनेतला आकडा पाठ हवा : वेग ३० नॉटच्या खाली जाण्याआधी उतरण्याचा दर मिनिटाला ३०० फुटांपेक्षा कमी. वेग कमी आणि उतरण्याचा दर जास्त असताना मशीन स्वतःच्याच हवेच्या भोवऱ्यात सापडतं, आणि वारा पाठीमागून असताना हे नकळत होतं.

तिसरं सर्किट जमल्यास वजन घेऊन करा, म्हणजे शेजारी प्रशिक्षक असताना. एकट्याने उचललेलं आर-४४ आणि चार माणसांचं आर-४४ यांत मोठा फरक आहे. होव्हरला लागणारी ताकद वेगळी, तोल वेगळा, आधी सुटणारा स्किड वेगळा, थांबायला लागणारं अंतर जास्त. एकट्याने केलेली तीन लँडिंग कायद्याने तुम्हाला चार माणसांसाठी करंट करतात. पण भरलेल्या मशीनची सवय हाताला त्याने होत नाही. प्रशिक्षक सोबत असेलच तर एक ऑटोरोटेशनही (इंजिनाच्या ताकदीशिवाय उतरणं) करून घ्या. ९० दिवसांच्या नियमात ते नाही, पण इंजिन बंद पडलं तर तेच लागणार आहे.

हेलिकॉप्टर भाड्याने देणाऱ्या अनेक शाळांच्या आणि विमा कंपन्यांच्या अटी याहून कडक असतात. त्यांचा कागद वेगळा वाचा. कायदा ९० दिवस म्हणतो म्हणून त्यांची ३० दिवसांची अट रद्द होत नाही.

युरोपात असाल तर

युरोपीय नियमांत एफसीएल.०६० या कलमात ९० दिवस आणि ३ हे आकडे तेच आहेत, पण टेकऑफ, अप्रोच आणि लँडिंग असे तिन्ही मागितले आहेत. तिथे प्रत्येक हेलिकॉप्टरला टाइप रेटिंग असल्याने ती त्याच टाइपवर लागतात. सारख्या स्वभावाच्या साध्या हेलिकॉप्टरांना अटींसह सवलत आहे. रात्रीसाठी ९० दिवसांत एकच टेकऑफ, अप्रोच आणि लँडिंग पुरतं, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग असेल तर तेही लागत नाही. अमेरिकेत शिकून जर्मनीत नोकरीला गेलेल्यांनी जुनी सवय तशीच नेऊ नये.

उड्डाणाच्या दिवशी

लॉगबुकातली तारीख पाहा, फ्लाइट रिव्ह्यूची तारीख पाहा, मेडिकलची (वैद्यकीय प्रमाणपत्राची) पाहा. तिसऱ्या दर्जाचं मेडिकल चाळिशीच्या आतल्यांना ६० महिने आणि त्यापुढच्यांना २४ महिने चालतं. रात्रीला करंट नसाल तर त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ आणि त्यापुढचा तास गुडघ्यावरच्या कागदावर लिहा.

मग माणसांना वजन विचारा. आपल्याकडे वय विचारलेलं चालतं, पण वजन विचारलं की मावशी-काकूंना अवघड वाटतं. काटा सोबत ठेवा आणि सगळ्यांना बॅगेसकट एकेक करून उभं करा, स्वतःपासून सुरुवात करा. आर-४४च्या एका सीटवर, सीटखालच्या सामानासह, ३०० पौंड म्हणजे १३६ किलोंची मर्यादा आहे. आर-४४च्या रेव्हन-२ या प्रकाराचं एकूण वजन २,५०० पौंडांच्या, म्हणजे १,१३४ किलोंच्या वर जाता कामा नये. चार धडधाकट माणसं आणि टाक्या भरलेल्या, हे गणित बसत नाही.

डावीकडच्या सीटवर पायलट नसलेलं कोणी बसणार असेल तर त्या बाजूची नियंत्रणं काढून ठेवा. ओढणी, पदर, टोपी, मफलर आत खोचायला सांगा. दार उघडं असताना एखादी सुटी वस्तू उडून टेल रोटरमध्ये (शेपटीवरच्या छोट्या पात्यांत) गेली तर मशीन गमवावं लागतं. पट्टा कसा सोडायचा हे प्रत्येकाला हाताने करून दाखवा, आणि रोटर फिरत असताना शेपटीकडे कोणीही जायचं नाही हे मराठीत, सगळ्यांना कळेल असं सांगा. कोणी "जरा खाली-वर करून दाखवा ना" म्हणालं तर नाही म्हणा. सायक्लिक पुढे ढकलून पोटात गोळा आणणं हीच ती मास्ट तोडणारी हालचाल.

उतरल्यावर लॉगबुकात नोंद करा. बाबांबरोबरचं ते लँडिंगही माझ्या हिशेबात धरलं गेलं. घरी जायच्या आधी मी मागून तिसरं लँडिंग शोधलं आणि मुखपानावरची तारीख बदलली.